मंगलचा पिवळा ठिपका

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ दोनदा पडलं तरी सांगून टाकते! आज तोंडात पेढा आहे, कारखान्यात नुसता कल्ला चाललाय, आणि माझ्याच्यानं आता राहवत नाही.

आम्ही सचिन नावाच्या गावी, कारखान्यात केबली बनवतो. सोलरची वीज साठवणाऱ्या, खोलीएवढ्या बॅटऱ्या जोडायच्या त्या — नारिंगी, अंगठ्याएवढ्या जाड. टोकाला तांब्याचा लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेलं टोपण, बसवून प्रेसमध्ये दाबायचा. पण त्याआधी केबलवर नळी चढवायची. विसरलात तर मेलात, लगवरून ती चढत नाही! मग टोक कापा, आणि केबल आखूड. वर प्रत्येकीनं आपल्या कामावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. माझा हिरवा, मंगलचा पिवळा.

मंगल अकोल्याकडची, शेजारच्या प्रेसवर. हात असा चालायचा की बघत राहावं. लाइनची इनचार्ज तीच होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी जळायचे का? — हो, जळायचे.

एके दिवशी बडबडीच्या नादात मी नळी विसरले. टोक कापलं, पुन्हा लग दाबला, केबल वीतभर आखूड झाली. भंगारात टाकायची आणि ओरडा खायचा, एवढंच होतं ना? मंगल पाणी प्यायला गेली होती. मी तिचा पेन उचलला आणि — ठिपका दिला. पिवळा. केबल तिच्या मोजून झालेल्या ढिगात सरकवली.

साइटवर ती केबल बॅटरीपर्यंत पोचेना, परत आली. मंगल शपथा घेत राहिली, रडली. मी खाली मान घालून लग पुसत होते. तिला पॅकिंगला पाठवलं. इनचार्ज मी झाले.

आता नवी लाइन सुरू होतेय. तिची इनचार्ज कोण, असं शेठनी विचारलं, मी मंगलचं नाव घेतलं. आज तिला हार घातला, कुणीतरी मोबाइलवर ढोल लावला, आणि मंगल — काय नाचली, बाई! मीही नाचले. जीव हरखला होता माझा, खरंच. मग तिनं पहिला पेढा माझ्याच तोंडात कोंबला.

"खाय ना वं! तू नसती, त मी पॅकिंगमधीच राह्यली असती."

मी नसते, तर ती पॅकिंगमध्ये गेलीच नसती.

पेढा गिळला. सगळ्याजणी अजून प्रेसपाशी जमल्यात, तिच्या हातात नवा पिवळा पेन आहे. मी तिकडेच निघालेय, सगळ्यांदेखत सांगायला.