‘राह्यली’ ही माझी रदीफ

मला गझल शिकवली बडे अब्बांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने. चंद्रपुरात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि ते उर्दूत लिहितात. मी चामोर्शीच्या शाळेत मराठी शिकवते, लिहितेही मराठीतच. काही सुचलं की रविवारी एसटीने चंद्रपूर गाठायचं आणि दुकानातल्या स्टुलावर बसून वाचायचं. ते डोळे मिटून काउंटरच्या काचेवर बोटाने लघु-गुरू धरत. ओळ लंगडली की बोट थांबे.

अशी कित्येक वर्षं गेली. माझं वृत्त चुकेनासं झालं, यमक पक्कं झालं. तरी एकही शेर वाचून वाटत नसे की हा मीच लिहिला. चांदणं, विरह, मैफल, सगळं दुसऱ्यांच्या घरून आणलेलं.

एका पावसाळ्यात पुराने रस्ता बंद झाला आणि मी बसस्टँडवर अडकले. शेजारची बाई फोनवर घरी सांगत होती, “अवो, मी निघून राह्यली होती, पन पानी चढून राह्यलं.” मीही घरात दिवसभर असंच बोलते, ‘निघते आहे’ला ‘निघून राह्यली’. गझलेत मात्र हा ‘राह्यली’ शब्द कधी घेतला नव्हता. तिथेच वृत्तात बसवून पाहिला, तर चपखल बसला.

वाट ही मले अजून का बघून राह्यली
मी निघून चालली, नदी भरून राह्यली

पुढच्या रविवारी पूर्ण गझल वाचली. बोट एकदाही थांबलं नाही, पण डोळे उघडले तेव्हा बडे अब्बांचा चेहरा आंबट झाला होता.

“वजन बरोबर हाय. पन ही काय रदीफ झाली?” रदीफ म्हणजे शेराच्या शेवटी दर वेळी तसाच येणारा शब्द.

“काऊन नाई?”

“बेटी, हे बाजारातलं बोलणं हाय. गझलचा एक अदब असते. उस्ताद लोकांनी एकेक लफ्ज घासून ठेवला हाय.”

“मग हा मी घासते. तुमचा एक तरी नियम मोडला का मी?”

“नाई.”

“मग शब्द माझा राहू द्या.”

असं उलट मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते गिऱ्हाइकाकडे वळले. त्या दिवशी नेहमीचा चहा आला नाही. परतीच्या एसटीत मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नियम त्यांच्याकडून घेतले होते आणि ते सगळे पाळले होते, म्हणूनच तर त्यांच्यापुढे बोलू शकले.

हिवाळ्यात चंद्रपुरात मुशायरा झाला, उर्दू आणि मराठी दोन्हीचा. बडे अब्बा पहिल्या रांगेत होते. मी तीच गझल घेतली. ‘लोक बोलते मले, तुझा मुलूख कोनता’ ही ओळ म्हटली. आमच्यासारख्यांना हा प्रश्न नवा नाही. पुढची ओळ सुरू केली, ‘धान पेरला इथीच, मी रुजून’, आणि मी म्हणायच्या आत मागच्या बायकांपासून पुढच्या मौलवींपर्यंत सगळे एका आवाजात म्हणाले, “राह्यली!”

रदीफ ऐकणाऱ्यांनी उचलायची, ही मुशायऱ्याची जुनी रीत. माझा शब्द त्या रीतीत असा गेला, जणू तिथलाच होता.  बडे अब्बांचं बोट गुडघ्यावर चालत होतं.

नंतरच्या रविवारी दुकानात गेले, तर ते कागद घेऊन बसलेले. मान वर न करता म्हणाले, “तुझ्या जमिनीत लिहून पाहतो.”

गझलेचं वृत्त, यमक आणि रदीफ मिळून तिची जमीन होते. थोरांच्या जमिनीत लिहायचं म्हणजे त्यांना मान द्यायचा. मी आजवर त्यांच्या जमिनीत लिहीत आले होते. पुतणीच्या जमिनीत कोणी लिहिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“उर्दूत रदीफ काय घेतली?”

“‘रह गई’ घेऊन पाहिलं, तर ते ‘मागं उरली’ होते. मतलबच बदलून राह्यला,” ते वैतागून म्हणाले. “म्हनून तुझीच ठेवली.”

कागदावर उर्दू लिपीत, उजवीकडून डावीकडे, चार शेरांच्या शेवटी ‘राह्यली’ लिहिलेलं होतं. पाचवा शेर अडला होता. मी एक यमक सुचवलं. त्यांनी ते काचेवर वाजवून पाहिलं आणि मान हलवली.

“नको. माझं मी शोधतो. तू चहा सांग.”