शून्य डेसिबलचा आवाज

एखाद्या लॅबमध्ये चार-सहा वर्षं काढली की वहीत आकडे जमतात आणि डोक्यात किस्से. आकडे यंत्रांबरोबर भंगारात जातात. किस्से मात्र कोणी नवा माणूस चहाला बसला की आपोआप बाहेर येतात.

माझे सगळे किस्से नव्वदीतल्या बंगळूरचे. महादेवपुऱ्यातला आमचा छोटा कारखाना ऑडिओ सिग्नल जनरेटर बनवायचा. म्हणजे हवा तो सूर, हवा तेवढ्या जोरात काढून देणारी पेटी. मी पुण्याहून नवीनच आले होते. टेस्टिंगचे प्रमुख होते रामराव अण्णा. घराणं कित्येक पिढ्या कर्नाटकात, मराठी फक्त घरातली, त्यातही कन्नड विरघळलेली.

पहिल्याच आठवड्यात मी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे सिग्नलची लाट दाखवणाऱ्या स्कोपच्या, पडद्यावर बघून एक व्होल्ट लावला आणि तोच सिग्नल मीटरला दिला. मीटर म्हणाला, ०.३५. मी वायर बदलली. मीटर बदलला. शेवटी जनरेटर उघडायला घेतला, तेव्हा अण्णा शेजारी येऊन उभे राहिले.

"अण्णा, एक व्होल्ट देतेय, पण पोचतोय जेमतेम तिसरा हिस्सा."

"कुठला व्होल्ट?"

"कुठला म्हणजे? व्होल्ट एकच असतो ना?"

"स्कोपवर तू लाट तळापासून शेंड्यापर्यंत मोजलीस. मीटर सांगतो, ती लाट काम किती करेल. त्याला आरएमएस म्हणायचं. दोघंही खरंच बोलतायत. तू स्वल्प विचारून बघायचं, बाबांनो, तुम्ही मोजताय काय?"

मग टेबलावरचे स्क्रू माझ्याकडे सरकवले. "हे चार आहेत. कसेही मोजलेस तरी चारच."

*

अण्णांना हर्ट्झ म्हणायची सवय नव्हती. त्यांच्या उमेदीत 'सायकल' म्हणत, सेकंदाला इतक्या सायकल. एकदा ते एक जनरेटर गिऱ्हाइकाकडे घेऊन निघाले आणि गेटपासवर लिहिलं, 'जनरेटर एक, वीस सायकल ते वीस किलोसायकल'.

वॉचमन मुनियप्पाने पेटी मोजली, पास वाचला आणि शांतपणे विचारलं, "अण्णा, वीस सायकली कुठे आहेत?"

अर्धा तास गेला. आम्ही सगळ्यांनी सांगून जे झालं नव्हतं, ते मुनियप्पाने केलं. दुसऱ्या दिवशी पासवर 'हर्ट्झ' आलं.

"हे काय?" मुनियप्पाने विचारलं.

"एका माणसाचं नाव."

मुनियप्पाने सकाळपासूनचं रजिस्टर वरून खाली बोट फिरवत वाचलं. "हा आत आलेलाच नाही," तो म्हणाला. "बाहेर कसा सोडू?"

*

एक अँप्लिफायर दुरुस्त करणारे गृहस्थ आमचा जनरेटर काखेत मारून परत आले. तक्रार अशी की काटा शून्य डेसिबलवर ठेवला तरी आवाज येतोच.

"शून्य म्हणजे शून्य पाहिजे," ते म्हणाले.

अण्णांनी त्यांना खुर्ची दिली. "समुद्राकाठच्या स्टेशनच्या पाटीवर उंची जवळजवळ शून्य लिहितात. म्हणून तिथे स्टेशनच नाही का? हे शून्यही तसंच. इथून मोजायला सुरुवात. आपल्या पेटीत ते पाऊण व्होल्टच्या आसपास."

गृहस्थांना हे पटलं. पटलं म्हणून पुढचा प्रश्न सुचला. "मग उणे साठवर?"

"तिथेही कुजबुज असते."

"मग एकदम गप्प कुठे होतं?"

अण्णांनी पेटी फिरवली. "मागे. हा स्विच."

*

एका रविवारी अण्णा जनरेटर बनशंकरीला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायको, कमलाक्का, रोज गायच्या. अण्णांनी पेटीवर त्यांचा षड्ज लावला, ऐकलं आणि म्हणाले, "दोन हर्ट्झ खाली आहेस."

अक्का गात राहिल्या. दुपारी जेवताना अण्णा म्हणाले, "सारात मीठ कमी आहे."

"किती हर्ट्झ?" अक्कांनी विचारलं.

*

जयनगरमध्ये कर्णबधिर मुलांची एक शाळा होती. तिथल्या सुमित्रा टीचरनी अण्णांना बोलावलं. दहा वर्षांच्या लक्ष्मीला काहीच ऐकू येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण टीचरना शंका होती. थोडं जरी येत असेल तर कानाला श्रवणयंत्र लावता येणार होतं. अण्णांबरोबर मीही गेले.

अण्णांनी लक्ष्मीच्या कानांवर हेडफोन चढवले. खुणेने सांगितलं, काही कळलं की हात वर कर. वरच्या सुरांना हात मांडीवरच राहिला. अण्णा खाली खाली येत गेले. अडीचशे हर्ट्झला आवाज हळूहळू वाढवला आणि तिचा हात वर गेला. अण्णांनी आवाज बंद केला, हात खाली. पुन्हा दिला, पुन्हा वर. टीचर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग वहीत लिहिलं, 'लक्ष्मी – २५०'.

लक्ष्मीने हेडफोन काढले आणि अण्णांच्या डोक्यावर ठेवले. आता तिची पाळी. बटण कसं फिरवायचं ते तिने बघून ठेवलं होतं. एक हजार, अण्णांचा हात वर. पाच हजार, वर. बारा हजारांना हात मांडीवरच.

हेडफोनमधून झिरपणारी बारीक शीळ मला दारापाशी ऐकू येत होती. मी टीचरकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आमचं हे बघणं लक्ष्मीने पाहिलं. ती अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत बटण हळूहळू मागे आणू लागली. अकरा हजार. दहा. नऊ हजारांना अण्णांचा हात वर गेला.

तिने टीचरच्या हातून वही घेतली, आणि स्वतःच्या नावाखाली सावकाश लिहिलं, 'अण्णा – ९०००'.