अर्धंच सांगितलेलं कोल्हापूर

चहाचा पहिला घोट घेतला की आमचे सर कप जरा लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "बरा आहे. पण कोल्हापुरात..." पुढचं वाक्य आम्ही कधी ऐकलं नाही. कंपनीची बस, कॅन्टीनची उसळ, साहेबांचं भाषण, सगळ्यांबद्दल त्यांचं मत एवढंच.

तुम्हाला वाटेल, माणूस कोल्हापूरचा असणार. ते परभणीचे. इंजिनिअरिंगची चार वर्षं तेवढी कोल्हापुरात काढली आणि पुढचं आयुष्य त्यावर चालवलं. चाकणच्या आमच्या कंपनीत, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ते सुपरवायझर होते, दोन्ही शिफ्ट त्यांच्या हाताखाली. मी क्वालिटीत. स्टोअरमधले एक खरे कोल्हापूरकर त्यांना डिवचायचे, "सर, आम्ही तिथं जन्मलो, पण एवढं कौतिक आम्हाला न्हाई." राग आला की सर कोल्हापुरी बोलत, घाबरले की परभणीवर येत.

त्यांचा जीव फुटबॉलमध्ये. तिथल्या पेठापेठांच्या टीम, सामन्याआधी गल्लीत लागणारे झेंडे, रेफ्रीचा उद्धार करणाऱ्या म्हाताऱ्या, हरल्यावर चूल न पेटणारी घरं. सांगताना त्यांचे हात इतके चालायचे की जवळ चहा ठेवायची सोय नव्हती.

मग हे इथंही सुरू करायचं त्यांनी मनावर घेतलं. ए शिफ्ट म्हणजे एक पेठ, बी शिफ्ट दुसरी. दर रविवारी भोसरीतल्या एका मोकळ्या मैदानावर सामने होऊ लागले. लातूरची, कोकणातली, बिहारची पोरं, ज्यांचा रविवार भाड्याच्या खोलीत झोपण्यात जायचा, ती ढोल घेऊन यायला लागली. सर कडेकडेने पळत ओरडायचे, "नाद खुळा, भावा." इतका खूश माणूस मी चाकणमध्ये दुसरा पाहिला नाही.

एका रविवारी बी शिफ्टच्या गोलवरून वाद झाला. चेंडू रेषेच्या आत गेला होता की नाही, देव जाणे. हाणामारी मैदानावर मिटली, पण भांडण सोमवारी कंपनीत आलं.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला मशीनपाशी उभा राहून चार्ज देतो. कुठून आवाज येतोय, काय अडकतंय, सगळं तोंडी. तेच बंद झालं. हातमोजे खुंटीला अडकवून पोरं समोरच्याकडे न बघता निघून जायची. सर मध्ये पडले, तर उत्तर यायचं, "आधी त्यांना गोल मान्य करू द्या." प्रेसपाशी अबोला धरून चालत नाही, हे नव्या पोरालाही कळतं.

हात आत असेपर्यंत प्रेस खाली येऊ नये म्हणून पुढे सेन्सर असतो. एका मशीनचा सेन्सर अधूनमधून दगा देत होता. बी शिफ्टला ते ठाऊक होतं, पण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ए शिफ्टच्या एका पोराने तिरका बसलेला पत्रा सरळ करायला हात घातला आणि प्रेस खाली येऊ लागला. सरांनी धावत येऊन लाल बटण दाबलं. प्रेस थांबला तेव्हा हातमोज्याचं टोक त्यात अडकलेलं होतं. बोटं वाचली.

"काय करायलास रे, काय करायलास," सर त्याचा हात चोळत पुन्हा पुन्हा म्हणत होते.

हे वैर शॉपमध्ये आणलं कुणी, असं मॅनेजरनी चौकशीत विचारलं. "मी," सर म्हणाले. त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. शनिवार शेवटचा दिवस ठरला. नोकरी गेल्याचं ते बोलतही नव्हते. आपण गेल्यावर ही पोरं एकमेकांना चार्ज देतील का, नाहीतर एखाद्याचा हात जाईल, याच धास्तीने त्यांचं जेवण सुटलं होतं.

शुक्रवारी त्यांनी दोन्ही शिफ्टना थांबवून घेतलं.

"तिथं मैदानावर डोकी फुटतात," ते म्हणाले. "पण माझा ॲक्सिडेंट झाला तेव्हा रक्त द्यायला पहिली आली ती, ज्यांच्याशी मारामाऱ्या व्हायच्या त्या समोरच्या पेठेची पोरं. हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. नुसते झेंडे आणि ढोल सांगत बसलो. अर्धंच कोल्हापूर सांगितलं, राव."

माना खाली घालून सगळे पांगले.

"आता कोल्हापूरला जाणार?" मी नंतर विचारलं.

"नाही ताई. तिथं आता मला कोण ओळखतंय? परभणीला भावाचं गॅरेज आहे, तिथंच बघतो काहीतरी."

ज्या गावावर या माणसाने एवढा जीव टाकला, तिथं त्याला दार उघडणारं कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी शिफ्ट बदलायच्या वेळी ते बॅग घेऊन गेटवर आले. वॉचमनने बसायला स्टूल दिलं. बराच वेळ झाला, निरोप द्यायला एकही पोरगा आला नाही. मला संताप आला. सगळ्यांना ओढून आणायचं म्हणून मी तरातरा आत गेले.

आत प्रत्येक मशीनपाशी दोघं दोघं उभे होते. बी शिफ्टची पोरं वाकून एकेक गोष्ट दाखवत होती, ए शिफ्टची उलट विचारत होती. बोटं वाचलेल्या त्या पोराच्या प्रेसपाशी तर चौघं जमले होते. कपडे बदलायचं कुणाला भान नव्हतं.

मी गेटवर परत आले. "अजून चार्जच चाललाय, सर. थांबा, बोलावते."

ते स्टुलावरून उठले. "नको," म्हणाले, "त्यांना तिथून हलवू नका." आणि बॅग खांद्याला लावून रस्त्याला लागले.