तो फाटा चुकला नव्हता

आमच्या युरोपच्या सहलीत जे गाव हुकलं, ते माझ्या मुलीमुळे हुकलं नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. उलट सिंगापुरात ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर आपलं मंडळ जमलं की तो किस्सा मी इतका रंगवून सांगत आलोय, की तुमच्यापैकी काहींना तो पाठ असेल. आता खरा ऐका.

आपल्यातले सगळे युरोपला जायचे ते बसच्या टूरने, ज्यात आल्प्सच्या पायथ्याशीही श्रीखंड-पुरी मिळते. मी मात्र जाहीर करून टाकलं, "आम्ही गाडी भाड्याने घेऊन फिरणार." खरं तर सिंगापुरात आमच्याकडे गाडी नव्हती. रोज चोआ चू कांगच्या घरून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला कामावर जायचं आणि खिडकीला डोकं टेकून झोपायचं, एवढाच माझा रस्त्यांशी संबंध. पुण्यात कधीकाळी चालवलेल्या मारुतीच्या आठवणीवर मी जर्मनी जिंकायला निघालो होतो.

"जमेल ना रे तुला?" बायकोने, स्मिताने, विचारलं.

"म्हणजे काय!"

तिचा हट्ट एकच होता. तिचे वडील तरुणपणी ट्रेनिंगसाठी जर्मनीत नेकार नदीकाठच्या एका लहानशा गावात राहिले होते. तिथल्या चौकातल्या कारंज्यापाशी बसून आपण संध्याकाळी पाव कसा खायचो, हे ते आयुष्यभर सांगत. ते नुकतेच गेले होते. त्या कारंज्यापाशी उभं राहून नाशिकला आईला फोन लावायचा आणि तिला पाण्याचा आवाज ऐकवायचा, एवढंच स्मिताला हवं होतं.

फ्रँकफर्टला गाडी ताब्यात घेतली. मी इंडिकेटर द्यायला गेलो आणि वायपर सुरू झाले. मागे आठ वर्षांचा रोहन खिदळला. नकाशा बारा वर्षांच्या रेवाकडे दिला. MRTची, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोची, स्टेशनं क्रमाने घडाघडा म्हणणारी पोरगी ती. तिने मार्गावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि नकाशा मांडीवर असा धरला, जणू विमानच चालवायचंय.

पहिला मुक्काम एका पेन्सिओनमध्ये (घरगुती लॉजमध्ये). सकाळी प्रवासासाठी म्हणून आम्ही खोलीत राइस कुकर लावला आणि मजलाभराची वीज गेली. मालकीणबाई धापा टाकत वर आल्या. कुकर बघितला, मग आम्हाला.

"इंडिया?" त्यांनी विचारलं.

"चोआ चू कांग लाह," रोहन अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाला.

बाईंनी कुकर हातात उचलला, स्वयंपाकघरात नेला, भात पुरा शिजवून आणून दिला. आम्ही त्यांना थोडं मेतकूट दिलं. त्यांनी ते कॉफीत घातलं. कशी लागली, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

मग ऑटोबान (जर्मन महामार्ग). दोन्ही बाजूंना हिरव्यागार टेकड्या होत्या म्हणे. मी फक्त समोरची नंबरप्लेट बघत होतो. मी मधल्या लेनमध्ये, आणि उजवीकडे ट्रकांची भिंत. गावाचा फाटा उजवीकडेच.

"बाबा, नेक्स्ट एक्झिट," रेवा म्हणाली. आरशात बघितलं. ट्रक.

"बाबा, धिस वन! नाऊ!"

पाटीवर नाव मला स्वच्छ दिसलं. दोन ट्रकांच्या मधे जागाही होती. माझी छाती झाली नाही. मी स्टिअरिंग घट्ट धरून सरळ गेलो.

स्मिताने माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "रेवा, अगं आधी नको का सांगायला?"

"आय टोल्ड यू. ट्वाइस."

"उशिरा सांगितलंस. आता वळून यायचं म्हणजे दिवस जाईल." दिवस जाणार नव्हता. पुढच्या फाट्यालाही तसेच ट्रक असणार होते, एवढंच.

स्मिता मागे वळून म्हणाली, "जाऊ दे गं, लहान आहेस तू." रेवाने नकाशा घडी घालून पायापाशी ठेवला. पुढे एका पेट्रोल पंपावरून स्मिताने आईला फोन लावला. "नाही गं, ते गाव वाटेत आलंच नाही," एवढंच बोलली.

स्वित्झर्लंडची तळी फोटोत आहेत तशीच आहेत. नकाशा तेव्हा स्मिताच्या हातात होता, आणि ट्रक कमी होते, म्हणून मी गाडी उत्तम चालवली.

चांगी विमानतळाहून घरी येताना टॅक्सीवाले अंकल कौतुकाने म्हणाले, "सेल्फ-ड्राइव्ह? वाह, स्टेडी आह!"

"माय सिस्टर कान्ट रीड मॅप, अंकल," रोहन म्हणाला. मी हसलो. रेवा खिडकीबाहेर बघत राहिली.

सासूबाई आता नाहीत. तो फोन राहिला तो राहिलाच. रेवा युनिव्हर्सिटीत आहे. परवा मैत्रिणींबरोबर कुठेशी निघाली होती. तिने जायचा रस्ता विचारला नाही, फोनवर त्यांना सरळ म्हणाली, "तुम्ही पुढे चला, मी मागून येते, मला रस्ते कळत नाहीत." अगदी सहज म्हणाली, आपला चष्म्याचा नंबर सांगावा तसं.

मंडळाचा हा अंक घरी येईल तेव्हा स्मिता वाचेल, आणि मग ती जे बोलेल ते मला ऐकून घ्यावं लागेल. रेवाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. हे इथे लिहायची हिंमत झाली ती बहुधा त्याच जोरावर; म्हणजे यावेळीही मी सोपीच लेन धरली.

तिला समोर बसवून सांगायचं अजून बाकी आहे, की नकाशा तू बरोबर वाचला होतास.