दुसऱ्यांदा गेलेला आवाज

कॅन्सरमुळे माझ्या थोरल्या दिरांचा आवाज गेला, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून भाऊजी टाइप करायचे आणि कॉम्प्युटर बोलायचा. अलीकडे तो बंद पडला. त्याच कंपनीचा नवा आणला, तर त्यावर बोलणारा प्रोग्रॅम उघडेना.

"कंपनीने आतला प्रोसेसरच बदललाय, काकू," दुकानातला माणूस जाऊबाईंना म्हणाला. "जुना प्रोग्रॅम यावर चालणार नाही. दुसरा टाकून देतो."

त्याने टाकला. भाऊजींनी टाइप केलं आणि एका तरुण, गुळगुळीत आवाजाने विचारलं, "चहा घेतलास का गं?"

जाऊबाई दचकल्या. "बंद करा तो. हा यांचा आवाज नाही."

तसा जुना आवाजही यंत्राचाच होता, खरखरीत आणि अडखळणारा. पण त्याच आवाजाशी त्या इतकी वर्षं भांडल्या, हसल्या होत्या. यंत्राचा वेग वाढावा म्हणून कुठेतरी कुणी निर्णय घेतला असेल, त्यात चूक तरी कुणाची म्हणायची? माणसाचा आवाज दोनदा जाऊ शकतो, एवढंच मला तिथे कळलं.

भाऊजींनी कॉम्प्युटर मिटला. आता काही हवं असलं की ते बोटाने टेबल वाजवतात, आणि जाऊबाई उठतात.