मापाचं ब्लाउज

माझ्या कादंबरीतली बाई दोनशे दहा पानांत एकदाही जेवत नाही, हे मला बोरी अरबला ताईच्या शिलाईच्या दुकानात कळलं. सांगितलं ते ताईनं नाही, समोरच्या गॅरेजवाल्याच्या बायकोनं. सगळी आळी तिला भाभी म्हणते. ती साडीला फॉल लावायला आली होती, मी वाचतेय म्हणून स्टुलावर बसून राहिली आणि मधेच म्हणाली, "दीदी, तुमची बाई रोटी कधी खाते हो? कालपासून ऐकून राह्यली मी, नुसती रांधते न् रडते."

मला रागच आला. यवतमाळला शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवतेय मी, पोरांच्या निबंधांवर लाल पेन चालवतेय, आणि मला आता भाभीनं शिकवायचं! "जेवते हो ती, पण दर वेळी लिहायचं असतं का?" असं फटकन बोलले. ताईनं मशीनवरून मान वर केली नाही.

कादंबरी ताईवरच होती. ती माझी सख्खी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचं लग्न आर्णीकडच्या एका खेड्यात झालं, चार वर्षांनी नवऱ्यानं टाकलं, ती माहेरी बोरीला आली, बाबांनी तिला नवी शिलाई मशीन घेऊन दिली आणि त्या मशीनवर तिनं आयुष्य काढलं. ही गोष्ट मला माहीत होती, गावाला माहीत होती, माझ्या कळंबच्या सासरी माहीत होती. सहा वर्षं खपून मी ती लिहिली. पुण्याच्या एका प्रकाशकानं छापायचं कबूल केलं. पण मी ठरवलं होतं, आधी ताईला वाचून दाखवायचं. ती हो म्हणाली तरच पुस्तक निघेल, नाही तर नाही. मोठेपणानं ठरवलं होतं, कारण ती नाही म्हणेल असं मला वाटलंच नव्हतं. ती रडेल, मला जवळ घेईल, अशीच माझी समजूत होती.

म्हणून दिवाळी झाल्यावर सुटीतले चार दिवस काढले आणि दारव्ह्याच्या गाडीत बसून बोरीला उतरले. ताई दहावी शिकलेली आहे, पेपर रोज वाचते, पण म्हणाली, "तू वाच, मी शिवतो. तुळशीचं लग्न झालं का लग्नसराई लागते, मले हात थांबवता येत नाही." मग ती शिवायची आणि मी खाटेवर बसून वाचायचे. मशीनचा आवाज वाढला की मी पण आवाज चढवायचे.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीला खिळे, खिळ्यांना पिशव्या, प्रत्येक पिशवीत ब्लाउजपीस आणि मापाचं एक जुनं ब्लाउज. ताई टेप क्वचितच लावते. बाई आपलं जुनं ब्लाउज आणून देते, त्यावरून ताई नवं बेतते. आणि दर आठवड्याला तिचं कोणाशी तरी वाजतं, कारण बाया मापाला भलतंच ब्लाउज आणतात. कोणी लेकरू व्हायच्या आधीचं आणते. कोणी जावेचं आणते, कारण जावेच्या अंगावर ते छान दिसतं. नवं ब्लाउज बसलं नाही की भांडायला येतात. "माप दुसरीचं देल्लं न् माह्यावर कायले कावता?" हे ताईचं ठरलेलं उत्तर. मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी हसले आहे.

तिसऱ्या दिवशी मी माझा आवडता प्रसंग काढला. नायिका भर पावसात बापाच्या दारात उभी आहे. हातात गाठोडं, केसांतून पाणी निथळतंय. बाप दार उघडतो आणि काही न बोलता बाजूला होतो. हे लिहिताना मी स्वतः रडले होते, वाचतानाही आवाज जड झाला. मशीन थांबली. मी मनात म्हटलं, झालं, भरून आलं तिला.

"हे कोनाच्या मापाचं होय व?" ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे ही बाई कोन? मी त नोहो. मी उन्हाळ्यात आलती. कुठचा पाऊस न् कुठचं गाठोडं! दुपारच्या गाडीनं आली, आर्णीच्या स्टँडवर दोन कचोऱ्या खाल्ल्या, उसाचा रस पेली. अन् त्यानं मले टाकलं नाही. मीच सोडून आली."

मला आधी नीट कळलंच नाही. मी वेड्यासारखी हातातल्या पानाकडे बघत राहिले, जणू तिथे काही उत्तर लिहिलेलं असेल. भाभीनं फॉलची साडी घडी करून काखेत घेतली, "येतो मी" म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. शहाणी बाई.

मग ताईनं सांगितलं, हातातल्या ब्लाउजला हुक लावता लावता. नवरा दारुडा नव्हता, मारकुटा नव्हता. मशीन तिची स्वतःची होती, लग्नाआधी गावातल्या बायांचं शिवून आलेल्या पैशातून घेतलेली आणि लग्नात सोबत नेलेली. एक दिवस वावरातून घरी आली तर कोपरा रिकामा. नवऱ्यानं मशीन आपल्या बहिणीच्या लग्नात देऊन टाकली होती. विचारलं तर म्हणाला, तुले काय कराची?

"बस, एवढंच," ताई म्हणाली. "मानूस वाईट नव्हता तो. पन चार वर्षांत त्यानं मले एक गोष्ट विचारली नाही. मी उन्हाळ्यापर्यंत थांबली. मंग नंदेच्या गावी गेली न् म्हटलं, माह्यी मशीन दे. ती पोट्टी रडली, पन तीच एका बाजूनं उचलू लागली. यष्टीच्या टपावर टाकली न् आली."

"पण ही दुसरी मशीन बाबांनी घेऊन दिली होती ना?"

"तुह्या पुस्तकात देल्ली. बाबानं त दारातच विचारलं, वापस कधी जाशीन."

मला हसू आलं, आणि मी हातातलं पान उलटं करून खाटेवर ठेवलं. ज्या बाईनं यष्टीच्या टपावर मशीन चढवली, तिला मी पावसात भिजवत उभी केली होती. आणि मशीन देण्याचं श्रेय बापाला देऊन मोकळी झाले होते.

"मग नवऱ्यानं टाकलं असं सगळ्यांना काहून सांगितलं?"

ताईनं दातानं धागा तोडला. "तुह्यं लग्न जुळून राह्यलं होतं."

मी तेव्हा यवतमाळला होस्टेलवर होते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. कळंबची मंडळी मला बघून गेली होती. बाबांनी ताईला समोर बसवलं आणि सांगितलं की टाकलेल्या पोरीची बहीण लोक करून घेतात, कीव येते त्यांना. सोडून आलेल्या पोरीची बहीण कोणी करत नाही, म्हणतात, हीपण येईल निघून. तर आपण टाकली म्हणूनच सांगू. तिकडे नवऱ्यालाही ते बरंच पडलं. 'मी टाकली' म्हणायला पुरुषाला जड जात नाही. वर्षभरात त्यानं दुसरं लग्न केलं, माझंही थाटात झालं, आणि ताई तीस वर्षं टाकलेली राहिली.

"अव, पन मले तरी सांगाचं होतं!" मी ओरडले. चिडले की माझी शाळेतली भाषा सुटते.

"सांगितलं असतं त काय केलं असतं तू? मोडलं असतं लग्न?"

मोडलं नसतं. वीस वर्षांची होते, मुलगा आवडला होता. मला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली, आणि तिचाही राग आला, की इतकी वर्षं मला फुकट कीव करू दिली.

"हे पाह्य," ताई म्हणाली, "मले कोनाले शिव्या नाही द्याच्या. बाबा गेले, तोही गेला. पन मी मराच्या आधी चार लोकांत कोनीतरी म्हनलं पाह्यजे का ही बाई आपल्या पायानं आली. छापाचं त तसं छाप. नाही त मले त्यातून काढ."

यवतमाळला परतून मी प्रकाशकांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले, "मॅडम, अशानं वाचकाची सहानुभूती जाते हो. मशीनसाठी नवरा सोडला म्हटल्यावर बाई हट्टी वाटेल. निदान त्याला दारू तरी पिऊ द्या." मी म्हटलं, "तुम्हीच प्या," आणि फोन ठेवला. नंतर माफी मागितली, पण हस्तलिखित परत मागवलं.

पुन्हा लिहायला वर्ष गेलं. नायिका म्हणजे सोसणारी, हे माझ्या हाताला इतकं बसलं होतं की पेन आपोआप तिकडे वळायचं. दर पानावर मी स्वतःला विचारू लागले, हिला आत्ता काय हवंय? उत्तर नसेल तर ते पान फाडायचं. पाऊस गेला, गाठोडं गेलं, दारातला भला बाप गेला. त्यांच्या जागी जी बाई आली ती चांगलीच खट होती. खिडकीच्या सीटसाठी भांडणारी, बटणं जपून वापरणारी, वेळ पडली की साफ खोटं बोलणारी. होस्टेलवर शिकणाऱ्या धाकट्या बहिणीवर ती जळते, असंही मी लिहिलं. ते भीत भीत ताईला फोनवर विचारलं होतं. "जळत होतोच मी," ती म्हणाली. "भल्ली जळत होतो. लिही बिनधास्त." मी दोन दिवस फुगून बसले, मग लिहिलं.

उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा बोरीला गेले आणि सगळं वाचून दाखवलं. पहिलं वाक्यच होतं, 'मला कोणी टाकलं नाही, मी निघून आले.' भाभी शेवटपर्यंत बसली. म्हणाली, "दीदी, आता हिच्यासंगं माहं भांडन होऊ शकते." मला आजवर शाळेत, समारंभात जी काय शाबासकी मिळाली, ती सगळी एकीकडे आणि हे एकीकडे.

ताईनं कापड सरळ केलं. मग म्हणाली, "हां. ही मी होय. छाप." आणि जरा थांबून, "पन पुस्तक कोन वाचते व आपल्यात? तुह्या घरच्या लोकांसमोर म्हनशीन का हे?"

"म्हनीन नाही त काय! कायले भ्याचं आता?" मी छातीठोकपणे म्हणाले. त्या क्षणी मला ते अगदी खरं वाटत होतं.

दोन महिन्यांपूर्वी यवतमाळला आमच्या घरी माझ्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलीकडची मंडळी दिग्रसहून आली होती. ताई सकाळच्या पहिल्या गाडीनं आली, नवं हिरवं लुगडं नेसून. मुलीच्या आईनं तिच्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?" माझ्या सासूबाई सोफ्यावरून नेहमीच्या मायेनं बोलल्या, "सुनेची मोठी बहीण. नवऱ्यानं टाकलं हो बिचारीले, पन लय गुणाची आहे." सासूबाईंच्या मनात वाईट काही नसतं. तीस वर्षं त्या हेच वाक्य म्हणत आल्या आहेत.

खोलीत पंधरावीस माणसं होती. ताईनं माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. वाक्य तयार होतं, मीच लिहिलेलं. तरी माझ्या डोक्यात आलं, नवीन सोयरीक आहे, ही माणसं काय म्हणतील, आज नको, लग्न होऊन जाऊ दे. मी पेढ्यांचं ताट उचललं आणि मुलीच्या काकांपुढे धरलं.

"टाकलं नाही," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मी निघून आलती, माह्यी मशीन घेऊन."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. मग मुलीच्या आईनं "बरं, बरं" म्हटलं, ताईला बाजूला जागा करून दिली, चहा आला आणि कार्यक्रम पुढे सरकला. सोयरीक मोडली नाही. कोणी उठून गेलं नाही.

दुपारी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. बाकावर बसलो. मी म्हटलं, "ताई, चुकलं माह्यं. मी बोलाले पाह्यजे होतं." मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे व. आजपर्यंत प्रत्येक गोष्टीत ती हेच म्हणत आली होती.

तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "हो," ती म्हणाली. "तूच बोलाले पाह्यजे होतं."

मग दारव्ह्याची गाडी लागली आणि ती चढली.