फ्रीजरमधलं बेअरिंग

माझ्या फ्रीजरमध्ये सोललेले मटार, खवलेलं खोबरं आणि बऱ्याचदा गाडीचं एखादं बेअरिंग असतं. कामाला नवीन आलेली बाई ते बघून दचकते. मी तिला सांगते, बाई गं, त्याला हात लावू नकोस, ते शेजारच्या संजनाचं आहे.

जेल रोडला माझं पोळी-भाजी केंद्र आणि त्याला लागूनच संजना गांगुर्डेचं गॅरेज. मध्ये एकच भिंत. तिकडे हातोडा पडला की इकडे माझ्या लोणच्याच्या बरण्या हलतात. सुरुवातीला यावरून मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती शांतपणे ऐकून घ्यायची, हात पुसायची आणि पुन्हा हातोडा मारायची. अशा माणसाशी भांडून भांडणार तरी किती? शेवटी मी बरण्या खालच्या फळीवर ठेवल्या आणि तिला दुपारचा डबा द्यायला लागले.

संजना सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकली, मग काही वर्षं मुंबईत परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होती. आई गेल्यावर वडिलांसाठी परत आली. वडील म्हणजे निवृत्तीबाबा, एकलहऱ्याच्या थर्मलमध्ये, म्हणजे वीजकेंद्रात, पंपांवर फिटर होते. चालू पंपाला सळई टेकवायची, दुसरं टोक कानाशी धरायचं आणि आतल्या बेअरिंगची तब्येत सांगायची, हे त्यांचं काम. संजना लहान असताना ते तिच्याही कानाला सळई लावायचे. घरच्या मिक्सरला, शिवणयंत्राला, कशालाही. त्यांच्यासमोर कुणी रिकामं बसलेलं त्यांना खपायचं नाही. माझ्या दुकानात येऊन बसले तरी पाच मिनिटांत लसूण सोलायला घ्यायचे.

गॅरेज उघडलं तेव्हा बाबा नुकतेच रिटायर झाले होते. गिऱ्हाईक यायचं, दारात पांढऱ्या मिशांचे बाबा दिसायचे, की सरळ त्यांच्यापुढे चावी धरायचं. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि म्हणायचे, "चावी तिच्याकडे द्या. मिस्त्री ती आहे." कुणी हसायचं, कुणी चावी खिशात घालून सरळ चालू पडायचं. बाबा जाऊ द्यायचे, पण हात काही पुढे करायचे नाहीत. माझ्या काउंटरवरून मला सगळं दिसायचं. गेलेल्या गिऱ्हाइकाला मीच मनातल्या मनात चार शिव्या हासडायची.

गॅरेज चाललं. बाबा मात्र हळूहळू विसरायला लागले. एकदा डबा घेऊन, बूट घालून ड्युटीला म्हणून थर्मलच्या गेटवर जाऊन उभे राहिले. कुणी ओळखीचा होता म्हणून रिक्षात बसवून परत धाडलं. संजनाचा धाकटा भाऊ अश्विन पुण्यात नोकरीला. तो धावत आला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, गॅरेज ही काय म्हाताऱ्या माणसाला ठेवायची जागा आहे का? आता परत काही झालं ना, तर मी बाबांना घेऊन जाणार. शब्द दे."

मुलगा वाईट नाही. त्याचं चूकही नव्हतं. पण उंचावरचा फ्लॅट, नवरा-बायको दिवसभर कामाला, म्हाताऱ्याने खिडकीतून बघत बसायचं. बाबा एवढंच म्हणाले, "तिथं मी काय करू?" संजनाने मान खाली घालून शब्द दिला. त्या दिवसापासून बाबा स्टुलावरून उठले की तिचं कामातलं लक्ष उडायचं.

अशातच ती पिवळी गाडी आली. बुटकी, रुंद, आत बसायचं तर गुडघे छातीशी घ्यावे लागतात. मालक गंगापूर रोडचे आल्हादराव, हौशी माणूस. म्हणाले, "संजनाताई, स्पीड घेतला की मागून गुरगुर येते. गाणी लावली तरी ऐकू येते. आणि रविवारी लोणावळ्याला आम्हा सगळ्या गाडीवाल्यांचं जमायचं ठरलंय."

संजनाने गाडी शिंदे टोलनाक्याकडे पळवून आणली. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर येतो, उजवीकडे वळलं की डाव्या. दोन्हीकडे वळताना गुरगुर वाढत होती. मग तिने गाडी वर उचलली, चाकाजवळच्या स्प्रिंगवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. मला बोलावून माझाही हात तिथे ठेवायला लावला. जात्यात खडा आल्यासारखी खरखर बोटांना लागत होती. "बाबांची सळईच आहे ही," ती म्हणाली, "फक्त कानाऐवजी हात." स्टुलावर बसलेल्या बाबांनी मान डोलावली.

मागची दोन्ही बेअरिंगं गेली होती. नवी आली आणि रिवाजाप्रमाणे माझ्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी विसावली. असल्या गाडीत बेअरिंग चाकामागच्या लोखंडी खोबणीत अगदी घट्ट बसतं. ते गार करून आकसवायचं, खोबण थोडी गरम करायची, म्हणजे मुकाट आत सरकतं. दाब द्यायचा तोही फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर दिला तर मधल्या लोखंडी गोळ्यांना इजा होते आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कण्हायला लागतं. डावं चाक असं झकास झालं. उजव्याचं जुनं बेअरिंग बाहेर काढताना दाब द्यायची लोखंडी चकती चिरली, म्हणून संजना दुसरी लेथवर करून घ्यायला अंबडला गेली. जाताना मला म्हणाली, "बाबांकडे लक्ष असू द्या." मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने बाबा काउंटरशी आले. "मालिनीताई, बेअरिंग द्या."

संजनाचा फोन आला असेल असं मला वाटलं. मी काढून दिलं. इकडे भेंडी परतायची होती, डब्यांची घाई होती. आणि मग एक वास आला. तीस वर्षं तेलात हात आहेत माझे, माझ्या तेलाचा वास मला कळतो. हा माझा नव्हता.

जाऊन बघते तर चहाच्या शेगडीवर चहाचंच पातेलं, त्यात मशीनचं तेल, आणि त्या तेलात बेअरिंग. बाबा पकडीने ते उलटंपालटं करत होते, आपण वडा उलटतो तसं. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला हाक मारवेना. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "तेल धुरवायचं नाही, नुसतं तापवायचं. दुसऱ्या पाळीच्या आत पंप सुरू झाला पाहिजे."

मी पुढे होऊन शेगडी बंद केली.

थर्मलमध्ये त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. पंपाचं बेअरिंग जाड दांड्यावर चढवायचं असतं, म्हणून ते तेलात तापवून फुगवतात. तिथे असते तर साहेबाने शाबासकी दिली असती. पण हे बेअरिंग नाजूक. त्याच्या एका बाजूला रबराची काळी चकती असते, चाक किती वेगाने फिरतंय ते गाडीला तिच्यावरून कळतं. ती चकती फुगून सुटली होती. आतलं कंपनीचं ग्रीस तेलात उतरलं होतं.

संजना आली, पातेल्याशी थांबली. "बाबा! अहो काय केलंत हे?" एवढ्या मोठ्याने ती ओरडलेली मी कधी ऐकली नव्हती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, लिफ्टवर चढवलेल्या पिवळ्या गाडीकडे. आपण कुठे आहोत हे त्यांना हळूहळू उमगत गेलं. ते बघणं फार वाईट होतं. "मला वाटलं..." एवढंच म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. संजनाला लगेच ओरडल्याचं वाईट वाटलं. तिने फोन उचलला. "आल्हादराव, चूक माझ्या गॅरेजमध्ये झालीय. दुसरं बेअरिंग मागवते, भरपाई माझी. रविवारी सकाळी मात्र गाडी मिळणार नाही." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. तिने सगळं ऐकून घेतलं. कुणी केलं ते सांगितलं नाही.

अश्विनला तिने कळवलं नाही. ते काम बाबांनीच केलं. संध्याकाळी माझ्या काउंटरशी उभं राहून त्यांनी मुलाला फोन लावला. "मी बेअरिंग तेलात तापवून पोरीचं नुकसान केलं रे. रविवारी ये. मला घेऊन जा."

मी नको नको म्हणत होते. त्यांनी फोन खिशात ठेवला, मला जय भीम घातला आणि घरी गेले.

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन गॅरेजमध्ये आले आणि स्टुलावर बसले. बॅग पायाशी. संजनाने बॅगेकडे बघितलं आणि कामाला लागली. आदल्या दिवशी आलेलं बेअरिंग रात्रभर माझ्याकडे होतं. तिने ते स्वतः नेलं, काळी चकती आतल्या अंगाला आहे ना ते दोनदा पाहिलं आणि बसवलं. दाब देताना आवाजसुद्धा झाला नाही. मग चाक चढवून तिने हाक मारली, "बाबा, इकडे या."

ते आले. तिने त्यांचा हात धरून स्प्रिंगवर ठेवला आणि चाक फिरवलं. "लागतंय काही?"

बाबांनी डोळे मिटले. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, सांगा बाबा, काहीतरी सांगा, आज तुमच्या हाताला कळू दे. चाक फिरत राहिलं.

"काही कळत नाही गं," ते म्हणाले. "माझाच हात थरथरतोय."

संजनाने चाक थांबवलं. "बरं. मला कळतंय. मस्त फिरतंय. तुम्ही बसा."

"नुसता बसू?"

"नुसते बसा."

ते बसायच्या आतच अश्विन आला. त्याने आधी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला, मग बॅग उचलली. "चला बाबा." बाबा शहाण्या मुलासारखे त्याच्यामागे निघाले.

"बाबा कुठेही जाणार नाहीत," संजना म्हणाली. ती चाकाचे बोल्ट आवळत होती.

"ताई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडतेय."

"अगं, हात भाजला असता त्यांचा! उद्या काय करतील?"

"शेगडी काढून टाकलीय. चहा मालिनीताईंकडून येईल. आणि बेअरिंग मी सोडून कुणाच्याही हातात द्यायचं नाही, असंही मालिनीताईंना सांगणार आहे." हे दोन्ही निर्णय मला न विचारता झाले होते, पण ती वेळ भांडायची नव्हती.

"पण इथे ते करणार काय?"

"काही नाही करणार." संजना उठून उभी राहिली. डोळे भरले होते, हात काळे होते म्हणून पुसताही येईनात. "काही करत नाहीत म्हणून काय पाठवून देऊ? मला हवेत रे ते इथे. दारात दिसायला हवेत."

अश्विन काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. कुणी अनोळखी माणूस उतरला. दारात बाबा होते, तो थेट त्यांच्याकडेच आला. "काका, पुढच्या चाकातून आवाज येतोय. जरा बघता का?" आणि त्याने चावी पुढे केली.

बाबांनी क्षणभर चावीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"चावी तिच्याकडे द्या," ते म्हणाले. "मिस्त्री ती आहे."

त्या माणसाने संजनाकडे पाहिलं आणि चावी तिला दिली. ती कोपराने डोळे पुसत त्याच्या गाडीकडे गेली. बाबा तसेच उभे होते, ताठ, हात मागे.

अश्विनने त्यांच्याकडे बघितलं. मग त्याने बॅग स्टुलाखाली सरकवली आणि मला विचारलं, "मालिनीताई, चहात साखर किती घालता त्यांच्या?"